मुलांचा संयम आणि मोठ्यांचा शब्द

बालवाडीच्या किंवा पहिली-दुसरीच्या पालकसभेत बोलणे अक्षरओळखीपासून सुरू झाले तरी थोड्याच वेळात ते मुलांच्या वागण्यावर येते. एका जागी बसत नाही, वाट पाहत नाही, हातातली वस्तू काढून घेतली की जमिनीवर लोळण घेतो, बाईंचे ऐकतो पण घरी कुणाला जुमानत नाही. किंवा नेमके याच्या उलट. शिक्षिका आणि आईवडील एकमेकांकडे बोट दाखवत असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत असते. खोट मुलात आहे आणि ती काढायची कशी एवढाच प्रश्न उरला आहे, असे दोघेही धरून चालतात. बालविकासाच्या अभ्यासातून माझे मत वेगळे बनले आहे. तीन ते आठ वर्षांचे मूल किती संयमाने वागेल हे बऱ्याच अंशी त्याच्याभोवतीची मोठी माणसे किती भरवशाची आहेत यावर ठरते. ज्याला आपण हट्ट किंवा उतावळेपणा म्हणतो, तो पुष्कळदा मुलाने आपल्या अनुभवावरून केलेला बरोबर हिशोब असतो. विधान मोठे आहे, म्हणून त्याचा आधार सविस्तर मांडते.

सुरुवात मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगापासून करावी लागेल, कारण पालकांच्या व्याख्यानांमध्ये तोच सर्वांत जास्त वेळा आणि अर्धवट सांगितला जातो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे खाऊ ठेवला जाई. आत्ता खाल्लास तर एवढाच, मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त, असे सांगून मोठे माणूस खोलीबाहेर जाई. पुढे १९९० साली मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ठरावीक परिस्थितीत जास्त वेळ थांबलेल्या मुलांचे किशोरवयातील प्रवेशपरीक्षेचे गुण सरासरीने अधिक होते. एवढ्यावरून संयम ही जन्मजात ठेव आहे आणि ती ज्याच्यापाशी आहे तोच पुढे जातो, अशी समजूत पसरली. मिशेल यांचे स्वतःचे काम तसे सांगत नव्हते. खाऊ झाकून ठेवला की मुले कितीतरी जास्त वेळ थांबत. मनात दुसरे काही गमतीचे आणायला सुचवले तरीही थांबत. त्याही आधी, १९५०च्या दशकात त्रिनिदादमध्ये मुलांसोबत काम करताना, त्यांनी वाट पाहण्याचा संबंध वचन देणाऱ्यावरच्या विश्वासाशी जोडला होता. तो धागा लोकप्रिय व्याख्यानांतून गळून पडला. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा खाऊसाठी थांबणे आणि पुढचे यश यांतला संबंध मिशेल यांच्या अभ्यासातल्यापेक्षा जेमतेम निम्माच आढळला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची तयारी हिशोबात घेतल्यावर त्यातलाही दोन-तृतीयांश भाग उडाला.

मग काही मुले थांबतात आणि काही थांबत नाहीत, ते कशामुळे? २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या बाबतीत सर्वांत बोलका वाटतो. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्र काढायला बसवले. प्रत्येकाला जुने, झिजलेले खडू दिले आणि सांगितले, थोडे थांबलास तर मी छान नवे खडू आणते. निम्म्या मुलांसाठी ते खरोखर आले. उरलेल्या निम्म्यांकडे मोठे माणूस रिकाम्या हाताने परतले आणि म्हणाले, माफ कर, नवे खडू नाहीतच. चिकटचित्रांच्या बाबतीत हेच पुन्हा केले. त्यानंतर त्याच मुलांपुढे खाऊ ठेवून तोच जुना प्रयोग झाला, जास्तीत जास्त पंधरा मिनिटांचा. ज्यांच्याशी शब्द पाळला गेला होता त्या चौदा मुलांपैकी नऊ शेवटपर्यंत थांबली. ज्यांच्याशी तो मोडला होता त्या चौदांपैकी फक्त एक. पहिला गट सरासरी बारा मिनिटे थांबला, दुसरा तीन. काही मिनिटांपूर्वीचा अनुभव एवढा फरक पाडू शकतो. मुलांची संख्या लहान आहे, असा आक्षेप रास्त आहे. पण २०१६ मध्ये मायकेलसन आणि मुनाकाता या संशोधकांनी वेगळ्या मार्गाने त्याच गोष्टीचा शोध घेतला. त्यांच्या प्रयोगात मोठे माणूस मुलाशी नव्हे, तर दुसऱ्याच कुणाशी नीट किंवा अप्रामाणिकपणे वागताना मुलाने नुसते पाहिले. अप्रामाणिक माणसाने दिलेल्या वचनासाठी मुले कमी वेळ थांबली. घरकामाला येणाऱ्या मावशींना दिलेला शब्द आपण कसा पाळतो, हेही मूल मोजत असते असे यावरून मला वाटते.

आपल्याकडच्या घरांत या विचाराला एक जुना आधार आहे. गणपतीत ताटलीभर मोदक समोर असतात आणि चार वर्षांचे मूलही नैवेद्य दाखवून होईपर्यंत थांबते. कुरकुरते, दोनदा विचारते, पण थांबते. त्याला कुणी संयमाचे धडे दिलेले नसतात. नैवेद्य झाला की मोदक हातात पडतो, दर वर्षी, न चुकता, आणि तोवर घरातले आजोबाही थांबलेले असतात. २०२२ मध्ये जपानी आणि अमेरिकी मुलांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांना वाढून होईपर्यंत न जेवण्याची पद्धत असलेल्या जपानातली मुले खाऊसाठी जास्त थांबली. भेटी ठरलेल्या दिवशीच उघडण्याची सवय असलेली अमेरिकी मुले गुंडाळलेल्या भेटीसाठी जास्त थांबली. म्हणजे संयम विशिष्ट प्रसंगांच्या सवयीतून घडतो, आणि ती सवय वाट पाहण्याचा शेवट चांगला होतो या खात्रीवर उभी असते.

आता आपल्या रोजच्या बोलण्याकडे पाहू. 'येताना घेऊ हं', 'अजून पाचच मिनिटं', 'अजिबात दुखणार नाही', 'आई आत्ता येते', 'रडलास तर पोलीसकाका घेऊन जातील.' यातले जवळपास प्रत्येक वाक्य खोटे ठरणार, हे बोलणाऱ्याला बोलतानाच ठाऊक असते. वेळ मारून नेणे हाच त्यांचा उपयोग, आणि तो एक-दोनदा होतोही. त्यानंतर मूल शिकते की मोठ्यांच्या शब्दांना वजन नसते. मग दुकानातली वस्तू आत्ताच हवी म्हणून ते आडवे पडते, कारण 'येताना' कधी येत नाही हे त्याने पाहिलेले असते. पोलीस आणि डॉक्टरांची भीती घालण्याचा तोटा आणखी वेगळा आहे: जत्रेत हरवलेल्या मुलाने ज्याच्याकडे धावत जावे, त्याच्यापासूनच ते लपते. मोबाइलच्या बाबतीतही गाडी शब्द न पाळण्यापाशीच अडते. पाहुणे आले, आई दमली, वडिलांचा फोनवर महत्त्वाचा संवाद सुरू झाला, की नियम बदलतो. कधी मिळते आणि कधी नाही, अशा रीतीने लागलेली सवय सर्वांत चिवट असते, हे वर्तनशास्त्रात फार पूर्वी सिद्ध झाले आहे. त्यामुळे रोज अर्धा तास देणारे घर आणि मुळीच न देणारे घर, दोन्ही कमी रडारडीत चालतात. रडल्यावर देणारे घर रडणे शिकवते. चार वर्षांच्या मुलाला पाच मिनिटे म्हणजे किती हे कळत नाही, पण 'ही गोष्ट संपली की बंद' हे पक्के कळते. तसेच बोलावे, आणि गोष्ट संपली की खरोखर बंद करावे.

याचा अर्थ मुलाचे सगळे ऐकावे असा होतो का? मुळीच नाही, आणि हा गैरसमज दूर व्हायला हवा. ठामपणे दिलेला आणि टिकवलेला नकार हाही पाळलेला शब्दच आहे. 'नाही' म्हटल्यावर मूल रडेल, आणि त्याला रडू द्यावे. जवळ बसावे, पण निर्णय बदलू नये. अडचण येते ती सकाळी 'नाही' आणि संध्याकाळी शेजाऱ्यांसमोर 'बरं, घे' अशा घरांत.

दुसरा आक्षेप जास्त जोरात येतो: आम्ही मार खाऊनच सरळ झालो. मार खाल्लेली पुष्कळ माणसे चांगली निघतात हे खरे, पण ती मारामुळे चांगली निघाली असे त्यावरून ठरत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांचा व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. एका शाळेत पेन्सिल विसरल्याबद्दलही छडी, चापट, चिमटा सर्रास मिळे; दुसरीत मार नव्हता. तीन-चार वर्षांच्या मुलांना खेळण्याकडे पाठ करून बसवले आणि मागे वळून पाहू नका असे सांगितले. मागे वळून पाहण्याचे प्रमाण दोन्ही शाळांत जवळपास सारखेच होते. म्हणजे माराने मोह आवरायला शिकवले नाही. मात्र विचारल्यावर खोटे बोलण्यात आणि ते खोटे निभावून नेण्यात मार खाणाऱ्या शाळेतली मुले पुढे होती. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) सतराव्या कलमाने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली, पण तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. सर्वांत लहान मुले त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

छडीच्या जागी आता चांदण्या आणि 'स्टार ऑफ द वीक' आले आहेत. त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्र काढायला आवडणाऱ्या बालवर्गातल्या मुलांना आधीच कबूल करून प्रशस्तिपत्रक दिले. पुढे मोकळ्या वेळेत त्याच मुलांचे चित्र काढणे घटले. अनपेक्षित कौतुकाने असे झाले नाही. आधीच आवडीच्या असलेल्या कामाला बक्षिसाची लालूच लावू नये, इतकाच निष्कर्ष मी त्यातून काढते. नावडत्या कामाची सवय लागेपर्यंत छोटे बक्षीस द्यायला माझी हरकत नाही, पण कबूल केले ते त्याच दिवशी द्यावे.

सगळ्यांत गंभीर आक्षेप गरिबीचा आहे. ज्या बापाची मजुरी शनिवारी मिळेल की नाही याचा भरवसा नाही, त्याने मुलाला दिलेला शब्द पाळायचा कसा? इथे दोष त्या बापाचा नाही, आणि त्याच्या मुलाचाही नाही. समोर आलेले आत्ताच खाऊन टाकणारे मूल त्याच्या परिस्थितीत शहाणपणानेच वागत असते. मात्र गरिबी म्हणजे उतावळेपणा हे समीकरणही खोटे आहे. कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी कुटुंबांतल्या आणि जर्मन मध्यमवर्गीय घरांतल्या चार वर्षांच्या मुलांची तुलना झाली तेव्हा न्सो मुलांपैकी सुमारे ७० टक्के शेवटपर्यंत थांबली, जर्मन मुलांपैकी २८ टक्के. ज्या घरात पैशाचा भरवसा देता येत नाही तिथेही दिनक्रमाचा आणि नात्याचा देता येतो. जिथे तोही कठीण आहे, तिथे बालवाडीची जबाबदारी वाढते.

ही जबाबदारी पेलता येते याचा दाखला आपल्याच मातीत आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांना आळशी न ठरवता बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली गेली. पुढे कोसबाडला, वारली पाड्यांच्या परिसरात, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. महागड्या मॉन्टेसोरी साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने वापरली. यातल्या काटकसरीचे कौतुक नेहमी होते. मला त्याहून मोठी वाटते ती नियमितता. मूल आले नाही तरी बाई येत राहिल्या. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावी १९६२ पासून चाललेल्या पेरी बालशाळेत गरीब कृष्णवर्णीय मुलांचा दिवस रोज एकाच क्रमाने जाई: आज काय करायचे ते ठरवणे, करणे, मग काय केले ते सांगणे. शिक्षिका दर आठवड्याला घरीही जात. बुद्ध्यंकातली वाढ काही वर्षांत ओसरली, तरी चाळिशीत पोचलेल्या या मुलांत, ही बालशाळा न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा, नोकरी असणाऱ्यांचे प्रमाण अधिक आणि अटका कमी आढळल्या. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांच्या विश्लेषणाप्रमाणे या लाभाचे मोठे कारण वागण्यातला बदल हे होते. चाळीस मुलांच्या वर्गात एका बाईंना प्रत्येकाकडे लक्ष देणे अशक्य आहे, हे मला मान्य आहे. पण रोजचा क्रम तोच ठेवणे, तो चित्रांतून भिंतीवर लावणे आणि त्यात बदल असेल तर सकाळीच सांगणे चाळीस मुलांतही जमते. उलट मुले जास्त तितकी त्याची गरज जास्त.

एक इशारा इथेच द्यायला हवा. प्रत्येक वागण्याचे मूळ घरात शोधू नये. हाक मारल्यावर न वळणाऱ्या मुलाला कदाचित ऐकू येत नसेल. स्वमग्नता किंवा अतिचंचलता हा कुणाच्या संगोपनाचा दोष नसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत तपासणी करतात. शंका असेल तर त्यांच्याकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे लवकर जावे. अशा मुलांनाही ठरलेला दिनक्रम इतरांइतकाच, कित्येकदा इतरांहून अधिक, मदत करतो.

राहिला शाळेचा पहिला आठवडा. बहुतेक मुलांना मोठ्यांचा शब्द सर्वांत जाहीरपणे मोडलेला दिसतो तो तिथे. 'आई बाहेरच बसली आहे' असे सांगून मूल आत घेतले जाते आणि आई मागच्या मागे निघून गेलेली असते. चार दिवसांत गप्प होतात सगळी, असे याचे समर्थन केले जाते. इंग्लंडमधल्या रुग्णालयांतही परिचारिका हेच म्हणत. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रीकरण करून दाखवले की ते गप्प होणे रुळणे नसते, आशा सोडणे असते. १९५९च्या प्लॅट अहवालाने पालकांना मुलांजवळ येऊ देण्याची शिफारस केली आणि हळूहळू तिथली रुग्णालये बदलली. आपल्या बालवर्गांत हा बदल करायला समिती नको, इमारत नको, अनुदानही नको. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि बालवर्गांचे प्रवेश त्याच्या कितीतरी आधी ठरतात. ज्यांच्या घरी येत्या वर्षी मूल शाळेत जाणार आहे त्यांनी प्रवेश घेतानाच मुख्याध्यापकांना विचारावे की पहिला आठवडा आईला, बाबांना किंवा आजीला वर्गात बसू देणार का. आणि निघताना मुलाचा निरोप घेऊन, खाऊचा डबा संपल्यावर मी येईन असे सांगून, त्याच वेळी दारात हजर राहावे.