काकाजी व्हायचं होतं, आचार्य झालो

गेल्या आठवड्यात इथे कोणीतरी इंदूरच्या कॉलेजातल्या गॅदरिंगची आठवण लिहिली होती. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय, म्हणून आज लिहायला बसलो. मी लेखक नाही. बी.कॉम. होऊन ३६ वर्षं बँकेत काढलेला माणूस. सांभाळून घ्या.

साल १९७१. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. राहायला रामबागेत. वडील कापड मिलमध्ये हिशेबनीस. घड्याळापेक्षा मिलच्या भोंग्यावर चालणारं आमचं घर. त्या वर्षी गॅदरिंगला मराठी मंडळाने पु. लं.चं 'तुझे आहे तुजपाशी' करायचं ठरवलं. हे नाटक १९५७ सालचं. पण आम्हा इंदूरकरांना ते घरचंच कार्य वाटायचं, कारण ते घडतंच मुळी इंदुरात. पुण्याची आत्या आमच्या हिंदीमिश्रित मराठीला हसायची. आणि इथे तर खुद्द पु. लं.नी त्याच बोलीत काकाजी देवासकर उभे केले होते! त्यामुळे झाडून सगळ्या पोरांना काकाजीच व्हायचं होतं. मलाही.

नाटक बसवायला बाहेरचे एक गृहस्थ यायचे. सरकारी कचेरीत नोकरी, संध्याकाळी नाटक. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांनी माझं वाचन ऐकलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तू आचार्य." मी खट्टू झालो. सगळे हशे काकाजींचे, टाळ्या काकाजींच्या. आचार्य म्हणजे शिस्त, त्याग आणि उपदेश. असा माणूस तर माझ्या घरीच होता!

मग मी सोपा रस्ता धरला. वडिलांची हुबेहूब नक्कल. बोलण्याआधी दोनदा खाकरणं, पाठ ताठ, मध्येच चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसणं. पहिल्याच तालमीत पोरं पोट धरून हसली. काकाजी झालेला मित्रसुद्धा वाक्य विसरला. मला वाटलं, जिंकलं!

भाऊ मात्र हसले नाहीत. तालीम संपल्यावर सायकली काढताना त्यांनी विचारलं, "कोणाची नक्कल करून राहिला बे?"

"वडिलांची."

"ते चष्मा कधी पुसतात?"

मला उत्तर देता येईना. भाऊ म्हणाले, "मग आठ दिवस चष्मा पुसायचा नाही. घरी जा, बघ. आणि समोरचा बोलतो तेव्हा ऐकत जा. तू फक्त आपल्या वाक्याची वाट बघतो."

अभिनयाचं माझं शिक्षण एवढंच. पण मी खरंच बघायला लागलो. जेवताना, हिशेबाची वही लिहिताना, आई बोलत असताना. महिन्याचा शेवटचा आठवडा होता. आई म्हणाली, "वाण्याचं द्यायचंय." वडिलांनी चष्मा काढला, पुसला. बहिणीने वह्यांचे पैसे मागितले. पुन्हा चष्मा. मी फीचं नाव काढलं. दोनदा खाकरले आणि मग म्हणाले, "बघतो."

वीस वर्षं ज्याला मी करडेपणा समजत होतो, ती अडचण होती. उत्तर नसलं की या माणसाला हाताला काहीतरी काम लागायचं. त्या रात्री मला झोप आली नाही. मी हे पोरांना हसवायला वापरलं होतं.

पुढच्या तालमींत खाकरणं गेलं. काकाजी बोलत असताना मी त्यांच्याकडे बघून ऐकू लागलो, आणि गंमत म्हणजे माझी वाक्यं आपोआप जागेवर यायला लागली. मुलींना सातच्या आत घरी पोचवायचं म्हणून तालमी साडेपाचलाच सुरू व्हायच्या. उरलेला वेळ भाऊ माझ्याकडून शेवटचा प्रवेश करून घ्यायचे, ज्यात आचार्य काकाजींपाशी मन मोकळं करतात.

प्रयोगाच्या दिवशी विंगेतून पाहिलं तर चौथ्या रांगेत वडील. मी बोलावलंच नव्हतं! आई घेऊन आली होती. हातापायातलं बळ गेलं. पहिले दोन अंक कसे झाले, देवाला ठाऊक. शेवटच्या प्रवेशात मी चष्मा काढला. पुसला. पुसतच राहिलो. पुढचं वाक्य येईना. विसरलो नव्हतो, घसा दाटला होता. प्रॉम्प्टर विंगेतून ओरडत होता. काकाजी झालेल्या मित्राने घाई केली नाही, नुसता बघत थांबला. सभागृहात कोणी हसलं नाही. मग वाक्य आलं.

घरी पोचलो तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. मी चप्पल काढत होतो. ते दोनदा खाकरले.

"चष्मा मी डाव्या हाताने पुसतो."

बस. एवढंच. आणि आत जेवायला गेले. नाटक बरं झालं की वाईट, कधीच बोलले नाहीत. पण तालमीवरून उशीर झाला की विचारणा व्हायची, ती त्या दिवसापासून बंद झाली.

पुढे मी स्टेजवर पाऊल टाकलं नाही. १९७३ साली बँकेत लागलो आणि बदल्यांत आयुष्य गेलं. पण कर्जाच्या टेबलावर बसलो की भाऊ आठवायचे. देपालपूरकडचा शेतकरी अर्ज पुढे करायचा आणि रुमालाची घडी घालायचा, मोडायचा, पुन्हा घालायचा. मी पेन खाली ठेवून म्हणायचो, "बैठो, दादा. और क्या बात है?" मग खरी गोष्ट बाहेर यायची. सगळ्यांना कर्ज देता आलं असं नाही, नियम नियमच होते. पण ऐकून घेतल्याशिवाय कोणाला परत पाठवलं नाही.

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा नातवाने कॉलेज ट्रिपचे पैसे मागितले. पेन्शन आहे, पैशाची अडचण नाही. तरी चष्मा काढून पुसायला लागलो. सून हसली, म्हणाली, "बाबा, स्वच्छ आहे तो."

बघितलं तर डावा हात.

तुमच्यापैकी कोणी त्या काळी इंदुरात कॉलेजच्या नाटकात काम केलं असेल तर जरूर लिहा. काकाजी झाला असाल तर आधी लिहा, थोडा हेवा अजून शिल्लक आहे.