थांबण्याचा हिशेब

ज्योतिषाचा धंदा मला कधीच जमला नसता. वर्गातला कोणता पोरगा पुढे नाव काढील, हे माझे अंदाज आजवर चुकतच आले आहेत. म्हणूनच गेल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी भाच्याने विचारले, “मामा, इंटरनेट कंपन्यांचे शेअर ठेवू की विकू? बाजार कुठं जाईल?” तेव्हा मी गप्पच बसलो. पैसे भावोजींच्या फंडाचे, म्हणजे माझ्या ताईचे होते.

मला अमेरिकेतला २००० सालचा बाजार आठवला. १० मार्चला नॅसडॅकचा निर्देशांक ५,०४८ वर पोचला होता. इंटरनेट जग बदलणार, असे जो तो म्हणे. मौज अशी, की ते खरेच ठरले! तरी ऑक्टोबर २००२ मध्ये निर्देशांक १,११४ वर आला. शंभर डॉलरांवर गेलेला अ‍ॅमेझॉनचा शेअर सहा डॉलरांखाली उतरला. ती कंपनी पुढे अफाट वाढली. पेट्स डॉट कॉम मात्र बाजारात आली त्याच वर्षी बुडाली. ऐन पडझडीत हा फरक कोणी ओळखावा? निर्देशांकाला जुनी उंची गाठायला २०१५ साल उजाडले.

“बाजाराचं मला ठाऊक नाही,” मी म्हटले, “पण पंधरा वर्षं थांबावं लागलं तर?”

ताई पणत्यांत तेल घालीत होती. वर न पाहता म्हणाली, “माझ्या औषधांचे नि घरखर्चाचे आधी काढून घे. उरतील ते तुझे. तुला थांबायला वेळ आहे.”

एवढे बोलून तिने पहिली पणती लावली.