बुडी मारण्यापूर्वीं

धाराशिव जिल्ह्यांतील माणसास समुद्राची ओळख बहुधा भूगोलाच्या पुस्तकांतूनच झालेली असते. गोड्या पाण्याशीं मात्र त्याची ओळख फार जवळची, आणि बरीचशी कडू. शेजारच्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेव्हां आमच्याही गल्लींत टँकरच्या मागें घागरींची रांग लागलेली होती. अशा मुलुखांतील दोन प्रौढ माणसांनीं परदेशीं जाऊन समुद्राखालीं उतरण्याचें शिक्षण घ्यावें, हें ऐकून आमच्या स्नेह्यांस हसूं आलें तर त्यांत नवल नाहीं. "आधीं घरच्या नळाला पाणी येऊं द्या," असें एकानें सुचविलें. आणि ही सूचना अगदींच गैरवाजवी होती असें आम्हांस म्हणवत नाहीं.

मूळ कल्पना आमची नव्हे, जांवयांची. आमची कन्या व जांवई सिंगापुरास असतात. येत्या फेब्रुवारींत थायलंडांतील को ताव नांवाच्या लहानशा बेटावर सर्वांनीं मिळून आठ दिवस काढावे असा त्यांचा बेत आहे. नवशिक्यांस स्कूबा शिकविण्याबद्दल हें बेट जगांत प्रसिद्ध आहे. जांवयांनीं तीन अभ्यासक्रमांचीं पत्रकें धाडलीं, आणि निवड आमच्यावर सोंपवून ते मोकळे झाले.

पत्रकें वाचतांना पहिला भेद ध्यानांत आला तो असा. तुळजापुरास मुखदर्शनाची रांग निराळी आणि अभिषेकाची निराळी; तशाच या विद्येच्याही दोन वाटा आहेत. पहिलींत शिक्षक तुम्हांस हाताशीं धरून पांचदहा मीटर खालीं नेतो, मासे दाखवितो, छायाचित्र काढतो आणि वर आणून सोडतो. मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हजारों प्रवासी असें पाण्याखालचें मुखदर्शन घेऊन येतात. तें तुच्छ मानण्याचें कारण नाहीं. पण त्यानें माणूस पाणबुड्या होत नाहीं. दुसरी वाट शिकण्याची. तींत आधीं पुस्तकी धडे, मग तलावांतील सराव, आणि शेवटीं समुद्रांत निदान चार बुड्या. हें सर्व पार पडलें म्हणजे जोडीदारासह अठरा मीटरपर्यंत जाण्याचा परवाना मिळतो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें या शिक्षणासाठीं तारकर्लीस एक संस्थाच काढली आहे. पुण्याकडे तरणतलावांत धडे देणारेही आहेत. तलावापर्यंतचा भाग घरच्या मुलुखांत उरकून, त्याचें पत्र घेऊन समुद्रांतल्या बुड्या परदेशीं मारण्याचीही सोय असते. ही सोय आम्हांस फार आवडली. कारण परदेशांतील महागडे दिवस नाकांत पाणी जाण्यांत घालविणें आमच्या मध्यमवर्गीय मनास रुचेना.

यानंतरचे चार दिवस कोणत्या संस्थेचा परवाना श्रेष्ठ या वादांत गेले. पॅडी ही अमेरिकेंत १९६६ सालीं निघाली, एस. एस. आय. १९७० सालीं. दोहोंचे अभिमानी एकमेकांविषयीं असे बोलतात कीं आमच्याकडील दोन शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचीच आठवण यावी. वास्तविक या पहिल्या पायरीसाठीं आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें एक सामाईक मोजमाप ठरविलेलें आहे, व दोन्ही अभ्यासक्रम त्यांत बसतात. तेव्हां कागदावरील शिक्क्यानें फारसें बिघडत नाहीं.

मग बिघडतें कशानें? हें समजण्यासाठीं आमच्या सौभाग्यवतींकडे वळलें पाहिजे.

त्यांचें माहेर परांडें तालुक्यांत. आठव्या वर्षीं पाठीस गोडेतेलाचा रिकामा डबा बांधून त्यांच्या चुलत्यांनीं त्यांस विहिरींत ढकललें, आणि दहाव्या वर्षीं त्या मोटेच्या धावेवरून सूर मारूं लागल्या. तळाशीं टाकलेला रुपया एका दमांत वर आणणें ही त्यांची ख्याति. उलट आमचें पोहणें म्हणजे बुडण्याचा कार्यक्रम थोडा लांबणीवर टाकणें. साहजिकच दोघांपैकीं कोण शिकेल याविषयीं घरांत कोणासच शंका नव्हती. परंतु पुस्तकी धड्यांचा पहिला नियम आला तोच मुळीं या ख्यातीच्या विरुद्ध. नियम असा कीं, पाण्याखालीं श्वास कधींही रोखूं नये.

नळदुर्ग ज्यांनीं पाहिला आहे त्यांस याचें कारण सहज कळेल. बोरी नदीच्या बांधाच्या पोटांत इब्राहिम आदिलशहानें पाणीमहाल बांधला. पावसाळ्यांत पाणी बांधावरून कोसळतें आणि आंत बसलेला माणूस कोरडा राहून सुखानें श्वास घेतो. कारण पाण्याचा सर्व भार दगडी भिंत सोसते. पाणबुड्याभोंवतीं अशी भिंत नसते. दहा मीटर खालीं त्याच्या अंगावर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो, आणि तितक्याच दाबाची हवा त्याच्या तोंडांत दिली नाहीं तर त्याला छाती फुगवितां यावयाची नाहीं. कूस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं यासाठींच एक झडप सिद्ध केली. माणूस जितक्या खोल असेल तितक्याच दाबाची हवा, आणि तीही तो श्वास घेईल तेव्हांच, ती देते. (नळकांड्यांत साधी हवाच दाबून भरलेली असते. पण २०२१ च्या उन्हाळ्यापासून आमच्याकडे सिलिंडर म्हटलें कीं प्राणवायूच आठवतो, आणि ऐकणाराचा चेहरा उतरतो.)

आतां दहा मीटरवर छाती भरून घेतलेली ही हवा रोखून धरून माणूस वर आला, तर ती वाटेंत फुगत फुगत दुप्पट होऊं पाहते, आणि फुप्फुसें फाटतात. विहिरींत बुडी मारणारा आपला श्वास कांठावरूनच नेतो. तो खालीं आकसतो आणि वर येतांना पुनः पूर्वीइतकाच होतो. म्हणून तेथें दम धरणें हा गुण, आणि येथें तोच मृत्यूस निमंत्रण. चाळीस वर्षांची संवय अशी उलटी फिरवावयाची तर घाईचा गुरु उपयोगी नाहीं.

आणि याहून नाजूक गोष्ट पुढें आली. अभ्यासक्रमापूर्वीं प्रकृतीविषयीं दहा प्रश्नांचा एक कागद भरावा लागतो. त्यांतला दुसराच प्रश्न पंचेचाळिशी उलटली आहे काय, असा आहे. त्यापुढें आम्हीं दोघांनीं निमूटपणें 'होय' लिहिलें. पण पहिला प्रश्न फुप्फुसें, श्वास, हृदय यांचा. सौभाग्यवतींस चाळिशीनंतर थंडींत दम्याचे झटके येत. गेलीं दोन वर्षें एकही आलेला नाहीं, आणि इन्हेलर कपाटांत पडून आहे. तथापि दम्यांत श्वासनलिका आकसून हवा आंत कोंडते. म्हणजे जी गोष्ट नियमानें वर्ज्य, ती माणसाच्या इच्छेविरुद्ध घडूं शकते. नियंत्रणांत असलेल्या दम्याच्या माणसांस तपासणीनंतर अनुमति मिळते, नाहीं असें नाहीं; पण तो निर्णय वैद्याचा.

आम्हीं तिन्ही ठिकाणीं फोन केले. पहिल्यानें हसून सांगितलें कीं सगळीकडे 'नाहीं' लिहा, तो कागद कोणी वाचीत नाहीं. त्याच्याच कार्यक्रमांत शेवटची बुडी सकाळीं आणि परतीचें विमान त्याच दिवशीं संध्याकाळीं होतें. वास्तविक लागोपाठ दिवस बुड्या मारल्यावर निदान अठरा तास विमानांत बसूं नये असा जाणत्यांचा दंडक आहे. दुसऱ्यानें कपड्यांचें माप आणि पैसे कधीं भरणार एवढेंच विचारलें. तिसरा फोन पुण्यास लागला. तेथील बाईंनीं किंमत सांगण्यापूर्वींच विचारावयास आरंभ केला. पोहतां येतें का, कोठें शिकलां, कान दुखतात का, कोणतीं औषधें चालूं आहेत, रात्रीं दम लागून जाग येते का. एका शिक्षकामागें त्या चारांहून अधिक माणसें घेत नाहींत. दम्याचें ऐकतांच त्या म्हणाल्या, "डॉक्टरांची सही येईपर्यंत पैसे पाठवूं नका." गिऱ्हाईकास असें परतविणारा दुकानदार आम्हीं प्रथमच पाहिला, आणि आमची निवड तेथेंच झाली.

कन्येस हें सर्व कळविलें तेव्हां ती हिरमुसली. फोनवर म्हणाली, "आई, दोन वर्षांत कांहीं झालें नाहीं ना? मग लिहून टाक 'नाहीं'. बाबा एकटे खालीं जाणार आणि तूं होडींत बसणार, याला काय अर्थ?"

अर्थ होता, हें आम्हांस दिसत होतें. त्या बेतांत पाण्याची खरी ओढ एकाच माणसास होती, आणि कपाळीं होडी येणार तीही त्याच माणसाच्या.

सौभाग्यवती थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आमचे आबा विहिरीच्या कांठावर रोज विचारायचे, जेवून आलीस का म्हणून. खोटें सांगायची सोय होती कीं. पण पाण्यांत आबा नव्हते उतरणार, मी उतरणार होतें." आणि त्यांनीं पहिल्या प्रश्नापुढें ठळक अक्षरांत 'होय' लिहिलें.

सोलापूरच्या छातीच्या डॉक्टरांनीं येत्या सोमवारीं बोलाविलें आहे. श्वास जोरानें फुंकावयास लावून ते फुप्फुसांची चाचणी घेणार, आणि मग सही करावयाची कीं नाहीं तें ठरविणार. पुण्यास दोन जागा सांगून ठेविल्या आहेत. पैसे मात्र अद्याप एकाचेही पाठविलेले नाहींत. दरम्यान, परीक्षेंत न थांबतां दोनशे मीटर पोहून दाखवावें लागतें, म्हणून सौभाग्यवती आम्हांस रोज सकाळीं शेतावरच्या विहिरीवर नेतात. यंदा ती चांगली भरली आहे. त्या शाल पांघरून कांठावर उभ्या राहतात आणि मोजतात. विहिरीची रुंदी दहा मीटर धरली तर वीस फेऱ्या भरतात. आमची मजल सध्यां अकरावर आहे.