कॅमेऱ्याचं वय किती?

मुलांनो, पेन्सिल झिजलेली दिसते, खोडरबर संपत आलेला दिसतो. चप्पल झिजली हे तर आपल्याआधी आईच्याच लक्षात येतं! पण कॅमेरा म्हातारा झाला, हे कशावरून ओळखायचं?

हा प्रश्न माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाचा. त्याचे बाबा नाशिकरोडला लग्नामुंजीचे फोटो काढतात. सहा वर्षांपूर्वी त्यांनी कर्ज काढून ६० हजारांचा डिजिटल कॅमेरा घेतला. कर्ज आत्ता कुठे फिटलं, तर गिऱ्हाइकं विचारू लागली, "नवं मॉडेल नाही का?" जुना विकायला गेले, तर दुकानदार १२ हजारांच्या वर जाईना.

"बाई, बाबा पुन्हा कर्ज काढणार म्हणतात. आमचा कॅमेरा खरंच संपला का हो?"

मग मी जरा माहिती गोळा केली. कॅमेऱ्याच्या आत शटर नावाचा छोटासा पडदा असतो. फोटो काढताना तो उघडतो आणि मिटतो. तो किती वेळा उघडमीट करील, याचा अंदाज कंपन्या देतात. पुष्कळ कॅमेऱ्यांत तो १ लाखाच्या आसपास असतो, फार महागड्यांत ५ लाखांपर्यंत. तेवढे फोटो झाले की कॅमेरा बंदच पडतो असं नाही. शटर बिघडलं, तर बदलूनही मिळतं. उलट, कॅमेरा पावसाळ्यात दमट कपाटात नुसता पडून राहिला, तर भिंगावर बुरशी चढते!

किंमत मात्र शटरसाठी थांबत नाही. १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा बनवला. त्याचं चित्र अवघ्या १० हजार ठिपक्यांचं, आणि ते साठवायला लागायचे २३ सेकंद! १९९१ साली त्याच कंपनीचा १३ लाख ठिपक्यांचा कॅमेरा बाजारात आला. किंमत सुमारे २० हजार डॉलर! आज साधा मोबाइलही त्याहून कितीतरी जास्त ठिपक्यांचा फोटो काढतो. नवं आलं की जुन्याचा भाव उतरतो. पण नीट सांभाळलेला जुना कॅमेरा काल जसा फोटो काढत होता, तसाच आजही काढतो.

मी फळ्यावर गणित मांडलं. बाबांचा कॅमेरा ६० हजारांचा, त्याने फोटो काढले १ लाख २० हजार. एक फोटो केवढ्याला पडला? ५० पैशांना! दुसऱ्या कोणी १ लाखाचा कॅमेरा घेतला, सहलीत २०० फोटो काढले आणि तो कपाटात ठेवून दिला. त्याचा एक फोटो? ५०० रुपयांना! महाग कोणता, हे मुलांनी मी विचारायच्या आधीच ओरडून सांगितलं.

त्या मुलाने गणित वहीत उतरवून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "बाई, बाबा आधी शटर तपासून घेणार आहेत. कर्जाचं मग बघू म्हणाले."

आपल्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके तुम्हांला माहीत असतील. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कर्ज त्यांनीही काढलं, पण आणलेल्या यंत्राला स्वस्थ बसू दिलं नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याचं चित्र टिपलं. रोपाच्या वाढीचा चिमुकला चित्रपट तयार झाला. तो पाहून पुढच्या चित्रपटासाठी पैसे देणारेही भेटले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' झळकला!

तुमच्या घरी कॅमेरा कपाटात पडून असेल, तर मोठ्यांना विचारून बाहेर काढा. कुंडीत एक वाटाणा पेरा. रोज त्याच जागेवरून एक फोटो घ्या. महिन्याभराने ते सगळे फोटो ओळीने लावून पाहा. आणि हो, एक फोटो केवढ्याला पडला, तेही काढा बरं का!