अर्धं उघडं शटर

ऑक्टोबर २०२०मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरला वीस वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी लिबरऑफिसच्या मंडळींनी त्याला एक जाहीर पत्र धाडलं. आशय असा, की नव्या वापरकर्त्यांना निदान आमचं नाव तरी सांगा. पत्रात आकडेही होते : २०१९ या एका वर्षात लिबरऑफिसच्या कोडमध्ये पंधरा हजारांवर बदल झाले, ओपनऑफिसमध्ये ५९५.

ही भाऊबंदकी जुनी. २०१०मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली आणि ओपनऑफिसही ओरॅकलच्या पदरात पडलं. आता याचं काय होणार, या धास्तीने बऱ्याच जणांनी त्याच वर्षी कोड घेऊन वेगळी चूल मांडली, तेच लिबरऑफिस. ओरॅकलने २०११मध्ये मूळ प्रकल्प अपाचे फाउंडेशनला देऊन टाकला. नाव एका घरी राहिलं, राबणारे बहुतेक हात दुसऱ्या घरी गेले. लोक मात्र नावच शोधतात.

आमच्या वाचनालयातही तेच झालं होतं; नाव पाहून ओपनऑफिसच बसवलं होतं. वार्षिक अहवाल डॉकएक्समध्ये पाठवायचा होता. चिटणीसकाका 'सेव्ह ॲज'ची यादी वरखाली करत होते. त्यात ओडीटी होतं, वर्ड ९७च्या काळातलं डॉक होतं, डॉकएक्स नव्हतं. "अरे, उघडते तर व्यवस्थित! मग सेव्ह का होत नाही?" ओपनऑफिस डॉकएक्स वाचतं, लिहीत नाही. "म्हणजे बंद पडलंय का हे?" काकांचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर एका शब्दात देता येईना, म्हणून मी आवृत्त्यांची यादी काढली.

४.१.० आली एप्रिल २०१४मध्ये, ४.१.१५ डिसेंबर २०२३मध्ये. जवळजवळ दहा वर्षं फक्त शेवटचा आकडा हलला. दुरुस्त्या होतात, पण सावकाश : जुलै २०१६मध्ये सुरक्षेतली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली आणि ती दुरुस्त केलेली ४.१.३ ऑक्टोबरमध्ये मिळाली. मधल्या काळात वेगळं ठिगळ हाताने बसवावं लागत होतं. शटर अर्धं उघडं, गल्ल्यावर माणूस आहे, नवा माल मात्र येत नाही. याला मृत म्हणणं अन्याय होईल. शाबूत म्हणणंही धाडसाचं.

नुसत्या तारखा मोजूनही भागत नाही. डोनाल्ड क्नूथ यांचं टेक् हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं गप्प असतं, कारण त्यांनी नव्या सोयींना मुद्दामच दार बंद केलंय. साठलेल्या चुका ते काही वर्षांनी एकदम तपासतात आणि आवृत्तीचा आकडा 'पाय'कडे एक घर सरकतो; २०२१मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. उलट एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या साधनात २०२४च्या सुरुवातीला केवढी लगबग होती! ती करणाऱ्यानेच त्यात चोरदरवाजा बसवला होता. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खोदून पाहिलं म्हणून तो मार्चमध्ये सापडला.

तेव्हा शेवटची तारीख जरूर बघा, पण तक्रारींना उत्तर कोण देतं, सुरक्षेची दुरुस्ती किती दिवसांत येते आणि काम किती जणांवर आहे, हे आधी बघा. वाचनालयात आता लिबरऑफिस आहे. जुन्या ओडीटी फाइली त्यात तशाच उघडतात, डॉकएक्स सेव्ह होते आणि मेनू मराठीत मिळतात.