दापोली ते गणपतीपुळे, भरतीच्या वेळेने

जळगावहून धुळं नव्वदेक किलोमीटर. एरंडोल, पारोळा करत दोन तासांत माणूस पोचतो. वाटेत बांभोरीला गिरणा लागते, पण ती लक्षातही येत नाही, कारण पुलावर गाडी हळू करावी लागत नाही. खानदेशी माणसाला रस्ता माहीत असतो तो असा: सरळ, काळ्या जमिनीतून जाणारा, दोन्हीकडे कापूस नाहीतर केळी. त्यामुळे भाऊबीज उरकून दापोलीला मुक्काम केला आणि सकाळी घरमालक काकांनी विचारलं, "गणपतीपुळ्याला चिपळूणवरून जाणार की जेट्टीने?" तेव्हा मी त्यांनाच उलट विचारलं, "समुद्राच्या कडेने सरळ रस्ता नाही का?"

काकांनी नकाशा काढला नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवलं. "आज चतुर्थी. चाराचे पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती, आमच्याकडे जरा आधीच. हेदवीला अडीचपर्यंत पोचा, बामणघळ बघायला मिळेल."

मला यातलं काही कळलं नाही. सोबत साक्रीची आत्या होती, तिला मात्र लगेच कळलं, कारण तिला पाऊणकी पाठ आहे. तिथीला पाऊणपट केलं की भरतीचा ढोबळ तास निघतो. अमावास्या-पौर्णिमेला बारा, अष्टमीला सहा. वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा दोन्ही बेताचं. शाळेत पावकी-निमकीसाठी छड्या खाल्लेल्या आत्याला त्या पाढ्याचा असा उपयोग असतो हे सत्तरीत कळलं. मी फोनमध्ये भरतीची वेळ शोधत बसलो होतो, तोवर तिने पुढच्या आठ दिवसांच्या वेळा सांगून टाकल्या.

निघालो. समुद्र उजव्या हाताला असणार असं धरून बायकोने उजवी खिडकी आधीच अडवली होती. पण समुद्र दिसेना. रस्ता जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर चढतो, तिथून एका वळणावर निळी पट्टी दिसते, आणि कॅमेरा काढेपर्यंत गाडी पुन्हा आंब्या-काजूच्या झाडीत उतरलेली असते. किनाऱ्याने जायचं म्हणजे समुद्राशेजारून जायचं, ही माझी कल्पना सिनेमातली होती. इथे सह्याद्रीतून येणारी प्रत्येक नदी मुखाशी रुंद होते आणि समुद्र तिच्यातून आत शिरतो. दोन खाड्यांच्या मध्ये रस्ता डोंगर चढतो आणि उतरतो. मग पाण्यापाशी येऊन संपतो.

दाभोळला तो खरोखरच संपला. समोर वाशिष्ठीची खाडी, काठावर उतरता धक्का, त्याला लागलेली फेरीबोट. गाडी बोटीवर घालायची म्हटल्यावर माझे हात घामेजले. बोटीवरचा मुलगा मात्र हाताच्या खुणांनी गाड्या अशा चिकटवत होता की दार उघडायला जागा राहिली नाही. एस.टी.च्या उंचीचा ट्रक, दुचाक्या, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, कॉलेजची मुलं, सगळे एकाच पत्र्यावर. माझ्याशिवाय कुणालाच याचं काही वाटत नव्हतं.

बोट सुटल्यावर आत्या कठड्याशी गेली आणि बघतच राहिली. खाली पाणी समुद्राकडून डोंगराकडे चाललं होतं.

"नदी उलटी चालनी का रे बापू?"

तापीकाठच्या माणसाला हा खरा धक्का आहे. आमची तापी भुसावळवरून जाते ती सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. मधे कुठे थांबेल, पण मागे वळणार नाही. इथे भरती सुरू झाली की पाणी वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत आत जातं. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी आत्याला समजावलं: नदीला पूर असताना भरती लागली तर पुराला समुद्रात उतरायला वाव राहत नाही. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं ते आम्ही जळगावात टीव्हीवर पाहिलं होतं. पाऊस जास्त झाला एवढंच तेव्हा समजलं होतं. खाडी पाहिल्यावर बाकीचं समजलं.

दाभोळ नावाचंही तेच. नव्वदच्या दशकात 'दाभोळ प्रकल्प' आणि 'एन्रॉन' हे शब्द घरोघरी होते. मला वाटे, तो दाभोळ गावात असेल. पण तो आहे खाडीच्या दुसऱ्या तीरावर, गुहागर तालुक्यात अंजनवेलकडे. मूळ दाभोळची कीर्ती त्याहून कितीतरी जुनी. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात बहामनी मुलखात हिंडला आणि परतीच्या जहाजावर चढला तो याच बंदरात. तेव्हा इथे अरबस्तानातले घोडे उतरत. आम्ही दहा-पंधरा मिनिटांत धोपावे गाठलं.

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन झालं, सुरूच्या बनामागचा लांबलचक किनारा पाहिला आणि भूक लागली. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. घरगुती खानावळीत दुपारचं ताट हवं असेल तर सकाळी फोन करून सांगायचं असतं. ऐन वेळी आलेल्या चौघांसाठी नारळ खवून ठेवलेला नसतो. आमच्या हमरस्त्यावर कुठल्याही ढाब्यावर रात्री बारालाही शेवभाजी मिळते, त्यामुळे आम्हाला हा रिवाज माहीत नव्हता. आत्याच्या डब्यातल्या दशम्या आणि ठेचा सुरूखाली बसून खाल्ला. खानावळीच्या बाईंनी सोलकढी मात्र दिली, पैसे न घेता.

हेदवीला दहा हातांच्या संगमरवरी गणपतीपुढे चतुर्थीची रांग होती. ती उरकून किनाऱ्यावरच्या उमामहेश्वराच्या देवळापाशी गेलो. त्याच्या पलीकडच्या काळ्या खडकात एक अरुंद, खोल चीर आहे. तीच बामणघळ. भरतीची लाट तिच्यात शिरते, पुढे जायला वाट नसते, मग सगळं पाणी एकदम वर उसळतं. आधी खडकाच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज येतो, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग दोन पुरुष उंचीचा पांढरा फवारा. आम्ही अडीचला तिथे होतो. तासाभरापूर्वी येऊन गेलेल्या एका पुण्याच्या कुटुंबाने देवळाशी आम्हाला सांगितलं होतं की तिथे बघण्यासारखं काही नाही, नुसती भेग आहे. त्यांचं खोटं नव्हतं. खडक शेवाळलेले असतात, लोक फोटोसाठी अगदी कडेला जातात. तसं करू नये. आत्या हात जोडून लांबच उभी राहिली. तिचंच बरोबर होतं.

तवसाळला पुन्हा धक्का, पुन्हा बोट. ही शास्त्री नदीची खाडी, पलीकडे जयगड. यावेळी गाडी मी बिनघोर चढवली. बोट यायला वेळ होता म्हणून जर्मनीत नोकरीला असलेल्या पुतण्याला व्हिडिओ कॉल लावला. तो उन्हाळ्यात क्रोएशियाच्या किनाऱ्यावर फिरून आला होता. "काका, तिथेही हेच," तो म्हणाला. क्रोएशियातल्याच दुब्रोवनिकला देशातल्या देशात जायचं तर मध्ये बोस्नियाची चिंचोळी पट्टी आडवी येते. पूर्वी दोनदा सीमा ओलांडा नाहीतर फेरीबोट धरा, असं होतं. जुलै 2022 मध्ये पेल्येशात्सचा पूल झाला तेव्हा ही अडचण सुटली. आमच्यापुढे निदान पासपोर्टचा प्रश्न नव्हता.

मालगुंडला थांबायचं ठरलं ते केवळ पाटी दिसली म्हणून. हे केशवसुतांचं गाव. त्यांचं घर जपलेलं आहे, शेजारी स्मारक आहे. मला त्यांच्याविषयी शाळेत होतं तेवढंच ठाऊक. तिथे कळलं की मुंबईत प्लेग आल्यावर ते खानदेशात आले आणि भडगावला, पुढे फैजपूरला त्यांनी मास्तरकी केली. माझं आजोळ फैजपूरजवळ आहे. 1936 च्या काँग्रेस अधिवेशनाच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो: खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. केशवसुत तिथे शिकवत होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या काळी या बाजूचा माणूस मुंबईला जायचा तो बहुधा बोटीने. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी ही आगबोटीची बंदरं होती. समुद्र हाच हमरस्ता होता. आम्ही ज्या खाड्यांना दिवसभर अडथळा म्हणत होतो, ती या लोकांची स्टेशनं होती. केशवसुत इथून निघून आमच्या कोरड्या मुलखात कसे रमले असतील, कोण जाणे. 1905 मध्ये हुबळीला ते गेले तेही प्लेगनेच.

गणपतीपुळ्याला पोचेपर्यंत अंधार पडला होता. चतुर्थीची गर्दी ओसरत होती. दर्शन झालं, बाकी तिथलं सगळ्यांना माहीत आहे.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गावरच्या मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलं आहे. ते व्हायलाच हवेत. रात्री शेवटची बोट गेल्यावर दुखणाईताला पलीकडे न्यायचं तर सगळा वळसा घालावा लागतो, आणि पर्यटकाच्या हौसेसाठी कुणी तो घालत राहावा असं म्हणणं बरं नाही. पण पूल होण्याआधी जाता आलं तर जा. निघताना दिवसाला दोन खाड्यांपेक्षा जास्त धरू नका, दुपारचं जेवण सकाळी फोनवर सांगा, आणि हेदवी वाटेत असेल तर तिथी बघून निघा. अष्टमीला जाऊ नका, भांग असतो.