पंचविशीतला आकडा

स्लीपिंग बॅगवरचा आकडा नेमका कोणाच्या अंगाचा, हा प्रश्न ट्रेक नेणाऱ्या माणसाला साठी उलटल्यावर पडावा, यात थोडी नामुष्की आहे. तोवर उणे पाच, उणे दहा हे जणू बॅगेचे स्वभावच, अशा थाटात आम्ही सांगत आलो. बॅगेत ऊब नसतेच. पिसांनी किंवा पॉलिएस्टरच्या तंतूंनी अडवून धरलेली हवा असते आणि ती तापवायचे काम आत शिरलेल्या देहाने करायचे असते. म्हणजे आकडा छापायचा तर आधी देह ठरवायला हवा. ईएन १३५३७ या युरोपीय मानकाने तो ठरवला आणि पुढे आयएसओ २३५३७ ने तीच वाट धरली: २५ वर्षांची, ६० किलोची, १६० सेंटिमीटर उंचीची बाई आणि २५ वर्षांचाच, ७३ किलोचा, १७३ सेंटिमीटरचा पुरुष. थंड खोलीत तापवलेला पुतळा बॅगेत निजवून मापे घ्यायची आणि या दोघांच्या हिशेबाने आकडे काढायचे. ‘कम्फर्ट’ हा त्या बाईचा, ती अंग सैल सोडून निजली आहे असे धरून. ‘लिमिट’ त्या पुरुषाचा, तो मुटकुळे करून पडला आहे असे धरून. ‘एक्स्ट्रीम’ हा तर झोपेचा आकडाच नव्हे. ती बाई सहा तास गारठून मरणार नाही एवढाच त्याचा वायदा. बोटे शाबूत राहतील असेही त्यात म्हटलेले नाही. स्वस्त बॅगांवर ठसठशीत अक्षरांत अनेकदा हाच झळकतो.

दुकानदाराला नावे ठेवणे सोपे आहे. लिमिटशेजारी पुरुषाची आकृती दिसली की आमचा डोळा आपसूक तिकडे वळतो, त्याचे काय? थंडी न वाजणे हे लीडरचे भांडवल. बाईचा आकडा स्वतःसाठी वाचणे मला कमीपणाचे वाटत आले आहे. सॅकचे वजन चारचौघांत सांगायची हौस हे त्याच गर्वाचे दुसरे अंग. पण वयाबरोबर स्नायू झडतात, पडल्या पडल्या शरीर तयार करते ती उष्णता घटते, कातडीखालच्या रक्तवाहिन्या थंडीत पूर्वीइतक्या आकसत नाहीत, हुडहुडीतही तो जोर राहत नाही. पंचविशीतल्या पुरुषाचा रकाना आपला उरत नाही आणि साठीचा रकाना मानकात नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, कोणीही असो, कम्फर्टच वाचावा आणि तोही अपेक्षित रात्रीपेक्षा पाचसहा अंश खालचा घ्यावा. डिसेंबरअखेर केदारकंठाच्या वाटेवर रात्र उणे दहापर्यंत जाईल असे धरले, तर कम्फर्ट उणे पंधराचा. यावर कोणी म्हणेल, मग उणे पंचविसाचीच घेऊन टाकू, भानगड नको. भानगड आहे. गरजेपेक्षा गरम बॅगेत माणूस घामाघूम होतो, तो दमटपणा पिसांत शिरतो, पिसे चिकटून बसतात, आणि ऊन न दिसलेल्या चौथ्या रात्री ती जाडजूड बॅग नुसते ओझे होऊन बसते.

तरीही वरच्या बाजूचा हा हिशेब एक वेळ जमतो. मला छळते ती पाठ. अंगाखाली पिसे चेपली की त्यांतली हवा जाते आणि हवा गेली की उणे पंधराची बॅग पाठीपुरती दोन कापडांची उरते. प्रयोगातल्या पुतळ्याखाली मॅट असते आणि त्याच्या अंगात अंगभर आतले कपडेही असतात. छापील आकड्यात त्या दोन्हींचा वाटा आहे. आपण मात्र हजारो रुपये बॅगेवर घालतो आणि खाली पातळ कॅरीमॅट अंथरतो. याचे मूळ सह्याद्रीत असावे. हरिश्चंद्रगडावर जानेवारीतही जमीन एवढी ऊब शोषत नाही. कॅरीमॅट आणि वर घोंगडी, एवढ्यावर निभते. (घोंगडीला हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की भिजल्यावर लोकर पिसांइतकी हात टेकत नाही.) तीच सवय आपण बर्फावर नेतो. तिथे मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याचे माप, चारपाचच्या पुढे हवी, आणि ती बेरजेने वाढते, म्हणून हवेच्या मॅटखाली फोमची मॅट घातली तरी काम होते. कोणी शंका काढेल, की वजन वाढले. वाढलेच, पण तेवढे वजन बॅगेत भरून पाठ तेवढी गरम होत नाही. ग्रॅमग्रॅम मोजणाऱ्या, टूथब्रशचा दांडा कापणाऱ्या पंथाशी माझे पटत नाही, तरी त्यांची पाठ नसलेली गोधडीवजा बॅग मात्र याच तर्कावर उभी आहे, हे कबूल करावे लागते. फटीतून वारा शिरतो, हे माझे त्यांच्यावरचे उत्तर. ते पुरेसे नाही, हेही मला ठाऊक आहे.

भाड्याच्या बॅगेपुढे हे सगळे गणित कोलमडते. हंगामभर पिशवीत कोंबलेल्या, कधीच न धुतलेल्या बॅगेचा फुगा बसलेला असतो आणि लेबल मात्र पहिल्या दिवसाचेच. म्हणून लेबल न वाचता ती पसरावी, झटकावी, तासभर तशीच ठेवावी आणि मग तळव्याने दाबून पाहावी. दाबल्यावर वर येत नसेल तर परत करावी. तळावर वाटप करताना त्यातल्या त्यात फुगीर बॅग स्वतःकडे ठेवायचा मोह हल्ली मला आवरत नाही. लीडरने शेवटची उरलेली घ्यायची, हा नियम इतरांना शिकवणारा मीच.